लॉट नदीकाठची वाट आणि तिचा सातबारा

दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझमध्ये राहणाऱ्या आम्हा मराठी लोकांच्या सुट्ट्या बहुधा दोनच दिशांना जातात. दक्षिणेला पिरेनीजचे डोंगर, नाहीतर पूर्वेला भूमध्य समुद्र. उत्तरेकडे रेल्वेने साधारण सव्वा तासावर काओर आहे आणि तिथून लॉट नदीच्या खोऱ्यात चुनखडीच्या कड्यांचा केर्सी नावाचा मुलूख सुरू होतो. तिकडे मात्र फार कुणी वळत नाही. सातारा जिल्ह्यातून माझे वडील राहायला आले तेव्हा त्यांना काय दाखवायचं, यावर घरात बराच खल झाला. आबांनी जन्मभर शेती केली. संग्रहालयांच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा त्यांना चालायला आवडतं, आणि चालताना शेजारच्या शिवारात काय पिकलंय ते पाहायला. म्हणून मी बूझिएस आणि सँ-सिर-लापोपी या दोन गावांची गोल वाट निवडली. एका बाजूने पठारावर चढायचं, वरून सँ-सिरला उतरायचं आणि नदीकाठाने परत यायचं. दहा-बारा किलोमीटर चाल, आणि नदीपासून पठारापर्यंत दीड-दोनशे मीटरचा चढ.

गोल वाटेचा मोठा फायदा म्हणजे गाडी लागत नाही. काओरहून फिजाकला जाणारी बस नदीच्या उजव्या काठाने धावते. ती बूझिएसच्या पुलापाशी सोडते आणि परतीची बसही तिथूनच मिळते. आम्ही आदल्या दिवशी काओरला मुक्काम केला. सप्टेंबरचा शेवट होता, उन्हाळी पर्यटकांचा भर ओसरलेला. नकाशा मी कागदी घेतला होता, इथल्या राष्ट्रीय भूगोल संस्थेचा, 1:25000 प्रमाणाचा. त्यात एकेक बांध, एकेक झोपडी, एकेक पाऊलवाट दिसते. आबांनी तो रात्री जेवणाच्या टेबलावर पसरून पुन्हा पुन्हा पाहिला. त्यांना फ्रेंच येत नाही, पण गाव नकाशा वाचता येतो. समोच्चरेषा, ओढ्याची कोरडी पात्रं, गाडीवाट कुठली नि पायवाट कुठली, हे त्यांनी न विचारता ओळखलं.

बूझिएस हे अगदी लहान गाव. नदीवर एका वेळी एकच गाडी जाईल असा अरुंद झुलता पूल आहे. त्याच्या अलीकडे, रस्त्याच्या वरच्या अंगाला कड्याच्या पोटात दगडी भिंत बांधून केलेली जुनी गढी दिसते. लोक तिला 'इंग्रजांचा किल्ला' म्हणतात. शंभर वर्षांच्या युद्धात, म्हणजे 1337 ते 1453 या काळात, इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी हा मुलूख उलटापालटा केला होता, त्याची ही आठवण. कपारीला पुढून भिंत घातली की झाला किल्ला. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही.

पूल ओलांडून गावातून वर निघालो. चढ सुरुवातीला झाडीतला आहे. इथला ओक बुटका, वाकडातिकडा, पानांच्या खालच्या बाजूला लव असलेला. त्याच्या सावलीत जुनिपर आणि बॉक्सवुडची झुडपं. बॉक्सवुडची बरीच झुडपं करडी, वाळलेली होती. पूर्व आशियातून युरोपात आलेल्या एका पतंगाची अळी गेली काही वर्षं ही झुडपं फस्त करते आहे. काहींना बुडातून नवी पालवी फुटली होती. आबांनी एक फांदी मोडून लाकूड पाहिलं आणि नखाने दाबून म्हणाले, "लई घट्ट हाय. कातकामाचं लाकूड ह्ये." ते बरोबर होतं. सँ-सिरचे कारागीर शेकडो वर्षं याच लाकडाच्या तोट्या कातत, दारूच्या पिंपांना बसवायच्या. एकेकाळी त्या गावाची ओळखच या तोट्यांमुळे होती.

पठारावर पोचलो की देखावा पार बदलतो. खाली हिरवी नदी, पॉपलरची झाडं, अक्रोडाच्या बागा. वर मात्र खडक, खुरटं गवत आणि दगडाचे बांध. अशा पठाराला इथे 'कोस' म्हणतात. चुनखडी पाणी धरत नाही. पाऊस भेगांतून आत मुरतो, खडक विरघळवत भुयारं करत जातो आणि दूर कुठेतरी खोऱ्यात झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतो. काओर शहराचं पिण्याचं पाणीही अशाच एका मोठ्या झऱ्याचं. त्यामुळे पठारावर ना ओढा ना नाला. आबा बराच वेळ विहीर शोधत होते. "एवढ्या रानात विहीर न्हाई म्हंजे मेंढरंच पाळत्यात," असं त्यांनी अनुमान काढलं आणि थोड्याच वेळात मेंढरं दिसलीही. अंग पांढरं, पण डोळ्यांभोवती आणि कानांवर काळं. ही इथली खास जात, उन्हात नि खडकात टिकणारी.

दगडी बांधांबद्दल थोडं सांगायलाच हवं. शेतातले दगड वेचून काठाला रचायचे, ना चुना ना माती, नुसता दगडावर दगड. त्या बांधांतच मध्ये मध्ये गोल खोप्या आहेत, मेंढपाळाला पावसात आसरा म्हणून. दगडाचे थर वर जाताना आत आत घेत त्याचंच छप्पर करतात, लाकूड अजिबात नाही. 2018 साली युनेस्कोने कोरड्या दगडाच्या या बांधकामकलेला जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तेव्हा ती नोंद फ्रान्ससह आठ देशांच्या नावाने झाली. एका खोपीत आबा वाकून आत गेले आणि छताचे थर हाताने चाचपत राहिले. आमच्या माळावरच्या जुन्या ताली पावसात ढासळल्या की पूर्वी गडी वर्षातून एकदा त्या नीट करत, आता रचणारा माणूसच मिळत नाही, असं ते म्हणाले. इथेही तीच अडचण होती. आता या भागात कोरड्या दगडाचं काम शिकवणारे वर्ग भरतात.

याच पठारावर आम्हाला तो माणूस भेटला. त्याच्या त्या अर्ध्या तासासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

साठी-पासष्टीचे निवृत्त गृहस्थ. हातात पिवळ्या रंगाचा डबा, ब्रश, तारेचा घासणी-ब्रश, पाठीवरच्या पिशवीतून फांद्या छाटायची कात्री डोकावणारी. फ्रान्समधल्या पायवाटांच्या खुणा रंगवणारे हजारो स्वयंसेवक आहेत, त्यांतले ते एक. देशभर पावणेदोन लाख किलोमीटरहून जास्त वाटा अशा खुणांनी आखलेल्या आहेत. लांब पल्ल्याच्या वाटेला पांढऱ्या-तांबड्या दोन पट्ट्या, गावाभोवतालच्या छोट्या फेरीला एक पिवळी पट्टी. पट्टी दहा सेंटीमीटर लांब नि दोन सेंटीमीटर जाड, त्याहून मोठी नाही. वळण असेल तर वळलेली खूण, आणि चुकीच्या फाट्यावर फुली. ही पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय समितीपासून चालत आली आहे. आज तिचाच पायी भटकंतीचा महासंघ झाला आहे.

त्यांनी आधी ओकाची साल तारेच्या ब्रशने हलकेच घासली, शेवाळ काढलं, मग साचा धरून पट्टी मारली. आबा शेजारी उभे राहून पाहत होते. मग मला म्हणाले, "इचार त्यांना, ह्या वाटंचा सातबारा कुणाच्या नावावर हाय?"

मी प्रश्न फ्रेंचमध्ये मांडला. सातबारा म्हणजे जमिनीच्या मालकीचा आणि पिकाचा उतारा, हेही सांगितलं. प्रश्न ऐकून त्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि आम्ही बांधावर बसलो. ते म्हणाले, आपण बसलोय तिथपर्यंतची वाट गावाची आहे. इथल्या कायद्यात 'ग्रामीण वाट' असा प्रकार आहे. ती ग्रामपालिकेच्या मालकीची असते, पण सर्वांना वापरायला खुली असते. पुढच्या वळणापलीकडचा तुकडा एका शेतकऱ्याचा आहे. तिथून जाऊ देण्याबद्दल त्याच्याशी लेखी करार केलेला आहे. म्हणून तिथे फाटक लागेल, ते आपल्या मागे लावून घ्यायचं, कुत्रं असेल तर दोरीला बांधायचं, आणि शेतकऱ्याने उद्या नाही म्हटलं तर खुणा पुसून वाट दुसरीकडून न्यायची. नकाशावर सलग दिसणारी ही फेरी अशी तुकड्या-तुकड्यांची बनलेली आहे.

"आणि गावाच्या वाटेवर कुणी अतिक्रमण केलं तर?" हा आबांचा पुढचा प्रश्न.

त्यावर ते जरा गंभीर झाले. ग्रामीण वाटेचं दुखणं हेच आहे, असं म्हणाले. रस्ते सार्वजनिक मालमत्तेत मोडतात, त्यांना कुणी हात लावू शकत नाही. ग्रामीण वाट मात्र गावाची खासगी मालमत्ता धरली जाते. शेजारच्या शेतकऱ्याने ती नांगरून घेतली, कुंपण घातलं आणि तीस वर्षं कुणी हरकत घेतली नाही, तर तो तिच्यावर मालकी सांगू शकतो. ट्रॅक्टर आले, शेतांचं एकत्रीकरण झालं, माणसं शहरात गेली आणि विसाव्या शतकात अशा असंख्य वाटा नाहीशा झाल्या. म्हणून 1983च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्याला पायवाटांची यादी करण्याचं काम दिलं. वाट त्या यादीत गेली की गावाला ती विकायची झाल्यास तिच्या बदल्यात तशीच दुसरी वाट द्यावी लागते, नाहीतर व्यवहारच रद्द. 2022 साली आणखी एक तरतूद झाली. गावाने आपल्या वाटांची मोजदाद करायचा ठराव केला की त्या काळापुरतं तीस वर्षांचं ते घड्याळ थांबतं.

पण यादीपेक्षाही मोठा पुरावा म्हणजे पाय, असं ते म्हणाले. लोक ये-जा करतात, कुणीतरी झुडपं छाटतं, खूण रंगवतं, म्हणजे वाट वापरात आहे. वापरातली वाट गावाची, हे कायदाच गृहीत धरतो.

आबांनी मग आमच्या गावच्या पाणंदीची गोष्ट सांगितली आणि मी ती वाक्यावाक्याला भाषांतर करत गेले. गाव नकाशात ती दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली आहे, म्हणजे गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फुटांचा. पायवाट असती तर एकेरी तुटक रेष, सव्वाआठ फुटांची. नकाशात ती आजही आहे. जमिनीवर दोन्हीकडून बांध सरकत सरकत तिथून आता बैलगाडीही जात नाही, आणि पावसाळ्यात ऊस बाहेर काढायचा तर मैलभर वळसा. तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, मामलेदार न्यायालयाचा 1906चा कायदा त्यासाठीच आहे, पण भावकीविरुद्ध अर्ज करायला कुणी पुढे होत नाही.

ते गृहस्थ लक्ष देऊन ऐकत होते. दुहेरी तुटक रेषेचं ऐकून त्यांनी माझ्या हातातला नकाशा मागितला आणि आपल्या बोटाने एक तशीच दुहेरी रेषा दाखवली, बांधांच्या मधून जाणारी जुनी गाडीवाट. नेपोलियनच्या काळात, 1807 पासून, सगळ्या फ्रान्सची शेतवार मोजणी झाली. तिचे नकाशे जिल्ह्याच्या दफ्तरखान्यात आजही पाहायला मिळतात. हरवलेली वाट शोधायची तर ते तिथूनच सुरुवात करतात. आधी जुना नकाशा, मग गावातली म्हातारी माणसं, मग प्रत्यक्ष बांध. दोन समांतर बांध आणि मधे झाडोरा माजलेला दिसला की ती वाट असणारच.

उठताना त्यांनी आबांच्या हातात ब्रश दिला. पुढच्या ओकावरची पट्टी आबांनी मारली, साचा धरून, अगदी सरळ. माझ्या वडिलांच्या हातची एक पिवळी खूण त्या पठारावर आहे, याचा मला फार आनंद आहे.

पुढे बांकुरेलचा सज्जा लागला. कड्याच्या टोकावरून खाली नदीचं मोठं वळण आणि समोर सँ-सिर-लापोपी. गाव नदीपासून शंभरेक मीटर उंच कड्यावर बसलेलं आहे. सगळ्यात वर लापोपीच्या पडक्या गढीचा खडक, त्याखाली सोळाव्या शतकातलं तटबंदीसारखं चर्च, आणि खाली उतरत जाणारी तपकिरी कौलांची घरं. वस्ती जेमतेम दोनशेची. 2012 साली फ्रेंच टीव्हीवरच्या मतदानात हे फ्रान्सचं सर्वांत लाडकं गाव ठरलं आणि तेव्हापासून उन्हाळ्यात इथे पाय ठेवायला जागा नसते. कवी आंद्रे ब्रताँ 1950 साली इथे आले, या गावाने त्यांना असं बांधून घेतलं की पुढच्याच वर्षी त्यांनी इथे घर घेतलं आणि मरेपर्यंतचे उन्हाळे इथे घालवले. त्यांचं घर आता ग्रामपालिकेकडे आहे. गल्ल्या सुंदर आहेत यात शंका नाही, पण दुकानं फार झाली आहेत. आम्ही चर्चशेजारच्या कट्ट्यावर बसून काओरच्या बाजारातून आणलेला पाव आणि रोकामादूरचं शेळीच्या दुधाचं चीज खाल्लं, पाणी भरून घेतलं आणि उताराला लागलो. आबांना चीज आवडलं. शेळीचा वास त्यांना परका नव्हता.

नदीकाठची परतीची वाट या फेरीचा कळस आहे. खाली उतरलं की पांढऱ्या-तांबड्या खुणा सुरू होतात. ही लांब पल्ल्याची 36 क्रमांकाची वाट. प्रवाहाच्या दिशेने चालायचं, उजव्या हाताला नदी, डाव्या हाताला कडा. सुरुवातीला झाडांच्या सावलीतून मऊ मातीची वाट, मग गानिलचा बंधारा आणि नावा वरखाली करण्यासाठी दोन दारांमध्ये बांधलेला पाण्याचा हौद. त्यानंतर काठच संपतो. कडा सरळ पाण्यात उतरतो आणि वाट कड्याच्या पोटात शिरते. 1840च्या दशकात सुरुंग लावून आणि छिन्नीने हा कडा आडवा खोदला, काही शे मीटर. खाली दगडाची फरशी, डोक्यावर दगडाचं छत, एक बाजू नदीकडे उघडी.

हे सगळं नावा ओढण्यासाठी केलं. गाबार नावाच्या सपाट बुडाच्या लाकडी नावा इथून काओरची दारू आणि वरच्या अंगाचा दगडी कोळसा घेऊन बोर्दोपर्यंत जात. जाताना प्रवाह नेई. येताना मीठ आणि खारवलेली मासळी भरलेली नाव उलट्या प्रवाहाने आणायची, म्हणजे काठावरून दोराने ओढायची. आधी माणसं ओढत, पुढे जनावरं. कडा आड आला की दोर तुटे, नाहीतर नाव दुसऱ्या काठाला न्यावी लागे. म्हणून एवढा खटाटोप करून कड्यालाच वाट पाडली. नाणेघाट पाहिलेल्या माणसाला इथे उभं राहिल्यावर पोटात काहीतरी हलतं. व्यापाराने खडकाला पाडलेली वाट दोन्हीकडे तीच, आणि ज्यांनी ती खोदली त्यांची नावं दोन्हीकडे कुठेच नाहीत.

ही वाट झाली आणि चाळीस वर्षांत निरुपयोगी झाली. 1886 साली काओर ते कापदनाक रेल्वे खोऱ्यातून सुरू झाली आणि नावांचा धंदा बसला. 1920च्या दशकात नदीचं नाव जलमार्गांच्या सरकारी यादीतूनही गेलं. दोर ओढणारं कुणी उरलं नाही, तरी वाट राहिली, कारण गुराखी, मासे धरणारे आणि पुढे हौशी भटके तिच्यावरून चालत राहिले. 1980च्या दशकात डानिएल मोनिए या शिल्पकाराने कड्याच्या भिंतीवर उठावाचं शिल्प कोरलं. मासे, शंख, पाण्याचे भोवरे, एका लयीत पुढे सरकणारे. कडा जुन्या समुद्राच्या तळाचाच बनलेला आहे, हे त्या शिल्पाजवळ उभं राहिलं की पटतं.

आबा शिल्पापेक्षा छताकडे जास्त पाहत होते. छिन्नीचे घाव अजून स्पष्ट आहेत. मी विचारलं, "आबा, दमलात का?" ते म्हणाले, "दमतोय कशाला? ह्यो डोंगर फोडून वाट केली मान्सांनी. आन आमी हाय ती नांगरून खाल्ली." मग पुलापर्यंत आम्ही पाणंदीबद्दलच बोलत आलो. कुणाकुणाची सही मिळेल, कोण आधी नाही म्हणेल, भूमी अभिलेखकडून नकाशाची नक्कल आधी काढावी की ग्रामसभेत विषय आधी मांडावा. आबांचं म्हणणं पडलं की आधी गावातल्या दोघा-तिघा म्हाताऱ्यांना घेऊन ती पाणंद एकदा पूर्ण चालून काढायची. अर्ज त्यानंतर.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडं. एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने चांगले. जुलै-ऑगस्टमध्ये पठारावर सावली कमी आणि ऊन फार. वर पाणी कुठेही मिळत नाही, म्हणून बूझिएसहून भरूनच निघा. सप्टेंबरपासून शिकारीचा हंगाम असतो, 'शिकार सुरू आहे' अशी पाटी दिसली तर वाट सोडू नका आणि भडक रंगाचं काहीतरी अंगावर असू द्या. कड्यातली वाट दरडीच्या भीतीने मधूनमधून बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी सँ-सिरच्या पर्यटन कार्यालयात विचारून घ्या. बसच्या फेऱ्या मोजक्या आहेत, रविवारी तर आणखी कमी. एक दिवस जास्तीचा असेल तर बूझिएसजवळच लॉटला मिळणाऱ्या सेले नदीच्या काठाने काब्रेरेला जा. 1922 साली गावातल्या पोरांना सापडलेली पेश मेर्लची गुहा तिथे आहे, ठिपक्यांच्या घोड्यांच्या प्रागैतिहासिक चित्रांची. तिथे अस्सल चित्रंच पाहायला मिळतात, पण दिवसाला ठरावीकच लोकांना आत सोडतात, म्हणून तिकीट आधी काढून ठेवावं लागतं.